पाडळीचा फेरफार

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत एका संशोधक विद्यार्थिनीचा मला फोन आला. सह्याद्रीतल्या देवरायांमधला झाडोरा गेल्या पंचवीस-तीस वर्षांत कसा बदलला, हा तिच्या प्रबंधाचा विषय. मी १९९०च्या दशकात भोर-वेल्ह्याच्या बाजूला फिरून केलेल्या झाडांच्या याद्या तिनं एका सामायिक डेटाबेसमधून उतरवून घेतल्या होत्या. ती म्हणाली, “ताई, तुमच्या १९९६च्या यादीत पाडळीची एकच जात आहे. त्याच राईत २०१६ साली दुसऱ्या गटाला दोन सापडल्या. मधल्या वीस वर्षांत ही दुसरी आली कुठून?”

प्रश्न रास्त होता. पण पाडळ म्हणजे काही रानमोडी नव्हे, की चार पावसाळ्यांत डोंगर व्यापून बसावी. शिवाय त्या राईत दोन तऱ्हेच्या पाडळी पाहिल्याचं मला स्वच्छ आठवत होतं. माळ्यावरून वह्या काढल्या. वहीत दोन पाडळी होत्या, डेटाबेसमध्ये एक. दुसरी पुसली होती ती मीच, २०११ सालच्या एका संध्याकाळी, आणि तेही यादी ‘अद्ययावत’ करताना.

वनस्पतींची शास्त्रीय नावं बदलतात, हे बागकामाची आवड असलेल्या कुणालाही ठाऊक असतं. त्याबद्दल कुरकुर करण्याची रीतही जुनीच. मात्र ज्या नोंदी अनेकांनी मिळून अनेक वर्षं वापरायच्या आहेत, त्यांत ही बदलती नावं सांभाळायची कशी, हा वेगळा प्रश्न आहे. मला तो चूक करून बसल्यावर कळला.

आधी पाडळीबद्दल. संस्कृतातली पाटला ती हीच. आयुर्वेदाच्या दशमुळांत जी दहा झाडं येतात, त्यांतलं हे एक. उन्हाळ्याच्या तोंडाशी फुलतं, आणि सकाळी झाडाखाली नळीसारख्या सुवासिक फुलांचा सडा पडतो. सह्याद्रीत मात्र पाडळ म्हणतात अशी जवळच्या नात्यातली दोन झाडं आहेत. एकीचं फूल मंद किरमिजी, जांभळटाकडे झुकणारं. तिची पानं लवदार आणि फुलोरा चिकट. दुसरीचं फूल पिवळट, आत तांबूस-जांभळ्या रेघा. पानं गुळगुळीत, टोकाला निमुळती, आणि शेंग चौकोनी धारेची. फूल समोर असेल तर लहान मूलही दोन्ही वेगळ्या सांगेल. फूल नसताना, उंच फांदीवरची पानं खालून बघून सांगायचं म्हणजे माझ्यासारखीची मान दुखते.

माझं रीतसर शिक्षण वाणिज्य शाखेचं. झाडं शिकले ती रविवारी डोंगरात आणि इतर दिवशी ग्रंथालयात. तिथे हाताशी होता थिओडोर कुक यांचा ‘फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे’. मूळ ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात निघाला आणि भारतीय वनस्पति सर्वेक्षणानं १९५८ साली तो पुन्हा छापला. कुक पेशानं अभियंता, पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य. वनस्पतिशास्त्र त्यांनी आवडीनं केलं, याचा मला तेव्हा फार आधार वाटे. कुकमध्ये पिवळट फुलांची पाडळ होती ‘स्टिरिओस्पर्मम केलोनॉइडिस’ आणि किरमिजी फुलांची ‘स्टिरिओस्पर्मम सुआव्हिओलेन्स’, म्हणजे सुगंधी. मी वहीत तीच नावं उतरवली. ही नावं मी कुकवरून घेते आहे, हे लिहायचं सुचलं नाही. दुसरं पुस्तकच नव्हतं, मग कशावरून घेतली हे कशाला लिहायचं?

गोंधळाचं मूळ १७८२ सालचं. थोरल्या लिनियसच्या मुलानं भारतातून गेलेल्या एका झाडाला ‘बिग्नोनिया केलोनॉइडिस’ असं नाव दिलं. पुढे ते झाड स्टिरिओस्पर्मम या वंशात आलं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हूकर यांच्या ‘फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया’त हे नाव पिवळट फुलांच्या पाडळीला लावलं गेलं, आणि कुकसकट पुढच्या मंडळींनी तीच वाट धरली. नंतर अभ्यासकांनी मुळाशी जाऊन पाहिलं, तर धाकट्या लिनियसनं वर्णन केलेलं झाड किरमिजी पाडळीचं निघालं. वनस्पतिनामांचा नियम असा, की नाव त्याच्या मूळ नमुन्याला बांधलेलं असतं. नंतर शंभर वर्षं लोकांनी ते कशालाही लावलं तरी हक्क मूळ नमुन्याचाच. आणि एका झाडाला दोन नावं असतील, तर सहसा जुनं टिकतं. त्यामुळे केलोनॉइडिस हे नाव किरमिजी पाडळीकडे गेलं, तिचं सुआव्हिओलेन्स हे नाव पर्यायी ठरलं, आणि पिवळट पाडळ बिननावाची राहिली. तिला मग कुणी ‘पर्सोनाटम’ म्हटलं, कुणी ‘कोलाइस’, कुणी चौकोनी शेंगेवरून ‘टेट्रागोनम’. यातलं कोलाइस हे नाव तर डिल्विन नावाच्या गृहस्थानं १८३९ साली ‘होर्टुस मलबारिकुस’वर लिहिलेल्या एका संदर्भ-चिकित्सेतून वर काढलेलं. ते नियमाला धरून प्रसिद्ध झालं होतं की नाही, यावर मतं वेगळी. म्हणून आजही काही याद्यांत पिवळट पाडळ कोलाइस आहे आणि काहींत टेट्रागोनम.

तर २०११ साली मी वह्यांमधल्या याद्या संगणकावर चढवल्या. कुकमधली नावं शिळी झालीत, हे तोवर कळलं होतं. तेव्हा उपलब्ध असलेल्या एका जागतिक यादीशी एकेक नाव ताडून पाहत गेले. केलोनॉइडिस: ग्राह्य नाव, हात लावायची गरज नाही. सुआव्हिओलेन्स: पर्यायी नाव, ग्राह्य नाव केलोनॉइडिस. ‘फाइंड अँड रिप्लेस’चं एक बटण दाबलं. पिवळट पाडळीच्या नोंदीवर चुकीचं नाव होतं, ते ‘ग्राह्य’ म्हणून तसंच राहिलं. किरमिजी पाडळीला योग्य नाव मिळालं, आणि दोघी एक झाल्या. पाच मिनिटांचं काम. जुन्या नावांचा रकाना मी ठेवला नाही, कारण तो पसारा वाटला. मग मोठ्या समाधानानं ती फाइल सामायिक डेटाबेसकडे पाठवून दिली.

हेच काम आता यंत्रं करतात, माझ्यापेक्षा पुष्कळ वेगानं. हजारो नावं एका वेळी टाकली की शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त होतात, पर्यायी नावांच्या जागी ग्राह्य नावं येतात. त्यांनी केवढी मेहनत वाचवली आहे! पण यंत्राला अक्षरं दिसतात. १९०८च्या ग्रंथातलं केलोनॉइडिस आणि आजच्या यादीतलं केलोनॉइडिस यांची अक्षरं तीच. तिथे शंका यायचं यंत्राला कारणच नाही. जे नाव यादीत सापडत नाही त्याकडे निदान कुणीतरी बघतं. चटकन जुळलेल्या नावाकडे कुणी बघत नाही.

माझे वडील तलाठी होते. आमच्या घरी लहानपणापासून कानावर पडलेली भाषा सातबारा, खातेफोड, पोटहिस्सा यांची. फोन आला त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं, की आपण आयुष्यभर झाडांचे सातबारे लिहीत होतो आणि फेरफार मात्र एकही नोंदवला नव्हता. सातबाऱ्यावर आजचा खातेदार दिसतो, पण आदल्या खातेदाराचं नाव तलाठी खरवडून काढत नाही. त्याला कंस करतो, आणि बाजूला फेरफाराचा क्रमांक घालतो. तो क्रमांक धरून गाव नमुना सहा उघडला, की हा बदल कधी झाला, कशामुळे झाला, खरेदीनं की वारसानं, नोंद कुणी मंजूर केली, हे सगळं मिळतं. एकत्रीकरणात सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, तेव्हाही कुठला नंबर कुठल्या गटात गेला याचा तक्ता राहिला. तो नसता तर निम्मा तालुका कोर्टात दिसला असता. (राहिला असूनही दिसतो, ते सोडा.)

वनस्पतींच्या नावांतले बदलही या खरेदी-वारस-पोटहिस्स्यांसारखे वेगवेगळ्या जातीचे असतात आणि सगळ्यांना एकच इलाज चालत नाही. सर्वांत सोपा प्रकार निव्वळ नामांतराचा. कारवी घ्या. ‘स्ट्रोबिलँथिस कॅलोसा’ हे तिचं नाव. १९४४ साली ब्रेमेकॅम्प यांनी हा अवाढव्य वंश फोडून त्याचे पन्नासहून अधिक तुकडे केले, त्यात आपली कारवी ‘कार्व्हिया’ झाली. थेट मराठी नावावरून पडलेला वंश. पुढे अभ्यासकांना ती फोड पटली नाही आणि कारवी माघारी स्ट्रोबिलँथिसमध्ये आली. मला थोडं वाईट वाटलं, पण नोंदींचं काही बिघडलं नाही. तिन्ही वेळा बोट एकाच झुडपाकडे होतं.

बाभळीची गोष्ट याहून गुंतागुंतीची. ‘अकेशिया’ हे वंशनाव ज्या जातीला बांधलेलं होतं ती जात म्हणजे ‘अकेशिया निलोटिका’, आपली बाभूळ. पण त्या वंशात सामावलेली झाडं एका कुळीची नाहीत, तो फोडायला हवा, हे स्पष्ट झाल्यावर प्रश्न आला, की नाव कुणाकडे ठेवायचं? ऑस्ट्रेलियातल्या जाती हजाराच्या आसपास. त्या सगळ्यांची नावं बदलण्यापेक्षा नावाचा खुंटाच ऑस्ट्रेलियात नेऊन ठोकावा, असा प्रस्ताव आला. २००५ साली व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत तो निघाला त्यावरून मोठा वाद झाला, आणि २०११ साली मेलबर्नमध्ये तोच निर्णय कायम झाला. बाभूळ ‘व्हॅचेलिया निलोटिका’ झाली, हिवर ‘व्हॅचेलिया ल्युकोफ्लोइया’, खैर ‘सेनेगालिया कॅटेचू’. अकेशिया हे नाव आपल्याकडे उरलं ते वनीकरणात रस्त्याकडेला लावलेल्या ऑस्ट्रेलियन अकेशियाला. ज्याची मूळ इस्टेट तो बाहेर आणि कूळ आत, अशातला हा प्रकार. पण तोही नोंदींच्या दृष्टीनं सोपाच, कारण पूर्ण नाव लिहिलेलं असेल तर एकास एक बदल करता येतो.

अडचण येते ती अर्धवट नोंदींची. माझ्या वहीत कितीतरी ठिकाणी नुसतं ‘अकेशिया, जात?’ असं आहे. काटेरी फांदी पाहिली, फुलं नव्हती, पुढे गेले. १९९६ साली या दोन शब्दांत बाभूळ, हिवर, खैर, शिकेकाई सगळी मावत होती. आज तेच शब्द वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ऑस्ट्रेलियाचं झाड येतं. या नोंदीचं भाषांतर आजच्या नावांत करताच येत नाही. ती १९९६च्या अर्थासह जशीच्या तशी ठेवावी लागते.

तिसरा प्रकार पोटहिस्स्यांचा. पावसाळ्याच्या तोंडाला आपण जो टाकळा खुडून भाजी करतो, त्याचं नाव जुन्या पुस्तकांत ‘कॅसिया टोरा’. वंश बदलून त्याचं ‘सेन्ना टोरा’ झालं, ते ठीक. पण त्याचा जुळा शोभेल असा ‘सेन्ना ऑब्ट्युसिफोलिया’ आहे. दोन्हींना नावं थोरल्या लिनियसनंच १७५३ साली दिलेली. पुढे बऱ्याच लेखकांनी दोन्ही एकच मानून सगळ्याला टोरा म्हटलं, तर आता पुष्कळजण पुन्हा वेगळे धरतात. पानाच्या देठावरच्या ग्रंथी आणि शेंगेच्या दांड्याची लांबी बघावी लागते. म्हणजे एखाद्या जुन्या यादीत नुसतं ‘टोरा’ असेल तर तो आजचा टोरा की दोघांचा मिळून जुना टोरा, हे ती यादी करणाऱ्यानं कुठला ग्रंथ वापरला यावर ठरतं. नाव एकच, पण त्याचा घेर कधी मोठा, कधी लहान.

आणि चौथा प्रकार पाडळीचा. नाव एका झाडावरून उठून दुसऱ्यावर जाऊन बसतं. हा सगळ्यांत घातकी, कारण बाहेरून काही बदललंय असं दिसतच नाही.

यावर उपाय ज्यांनी सुचवला त्यांना माझ्या वडिलांचं दफ्तर ठाऊक असायचं कारण नव्हतं, पण ते पोचले तिथेच. १९९५ साली बेरेंडसोन या जर्मन अभ्यासकानं मांडलं, की माहितीसंग्रहात नुसतं नाव हा घटक धरू नये. नाव आणि ते कुणाच्या अर्थानं वापरलंय, ही जोडी मिळून एक घटक धरावा. यासाठी लॅटिन ‘सेकुंडम’ या शब्दाचं ‘सेक.’ असं लघुरूप वापरतात; मराठीत ‘च्या मते’. ‘केलोनॉइडिस, कुकच्या मते’ ही एक गोष्ट आणि ‘केलोनॉइडिस, आजच्या यादीच्या मते’ ही दुसरी गोष्ट. मग या दोन गोष्टींमधलं नातं नोंदवता येतं: तंतोतंत तीच, एकीत दुसरी सामावलेली किंवा त्याच्या उलट, थोडी सामायिक, की संपूर्ण वेगळी. पाडळीच्या बाबतीत उत्तर ‘संपूर्ण वेगळी’ असं येतं. अमेरिकेत जंगलांच्या नमुना-चौकटींच्या नोंदी ठेवणारी व्हेगबँक याच तत्त्वावर उभारली गेली. जगभर जैवविविधतेच्या नोंदींची देवाणघेवाण ज्या ‘डार्विन कोअर’ या ठरलेल्या साच्यात होते, त्यातही ‘हे नाव कुणाच्या मतानुसार’ असा रकाना आहे, आणि ओळख मूळ नोंदीत जशी लिहिली तशीच ठेवण्यासाठीही आहे. म्हणजे फेरफाराची वही छापून तयार आहे. ती भरायची आपण. माझ्या २०११च्या फाइलमध्ये तो रकाना कोरा होता, आणि मी इतरांच्या ज्या फाइली पाहिल्या त्यांतही तो बहुतेक कोराच असतो.

एकदाच सगळ्यांनी मिळून एक पक्की यादी करून टाकावी, असं सुचवणारे भेटतात. प्रयत्न जुना आहे. चार्ल्स डार्विननं दिलेल्या पैशातून क्यू उद्यानानं ‘इंडेक्स क्यूएन्सिस’चं काम हाती घेतलं आणि त्याचे खंड १८९३पासून निघू लागले. तीही मुख्यतः कोणतं नाव कुठे प्रसिद्ध झालं याची अनुक्रमणी. २०१०मध्ये ‘द प्लँट लिस्ट’ आली, २०१३नंतर ती पुढे सरकली नाही, पण तिच्यावरून शुद्ध करून घेतलेले संग्रह अजून वापरात आहेत. आज ‘वर्ल्ड फ्लोरा ऑनलाइन’ आहे, क्यूची स्वतःची यादी आहे, आणि दोन्ही जागोजाग वेगळं सांगतात. याचा मला आता राग येत नाही. नावं बदलतात ती झाडांबद्दलचं आपलं ज्ञान वाढतं म्हणून. ती गोठवायची म्हणजे १९०८ सालचं अज्ञान कायम करायचं. काही बदल मात्र ज्ञानाखातर नसतात, शालीनतेखातर असतात: २०२४च्या माद्रिद परिषदेत ‘काफ्रा’ हा आफ्रिकी लोकांना हिणवणारा शब्द असलेली दोनशेहून अधिक नावं ‘आफ्रा’ अशी बदलायचं ठरलं. हे काम यंत्राला सांगून होण्यासारखं. आणि बदल काही झाडांपुरतेच नाहीत. माझ्या वहीत जो वेल्हे तालुका आहे त्याचं नाव राजगड करण्याचा निर्णय त्याच वर्षी झाला. उद्या कुणी माझ्या नोंदींत वेल्ह्याच्या जागी राजगड घातलं, तर कंस करून घालावं.

पर्यावरणाच्या अभ्यासकांचा एक युक्तिवाद मी ऐकते: हजारो नोंदींत दहा-वीस नावं चुकली तर सरासरीत वाहून जातात. नेहमी जात नाहीत. नाव ही किल्ली असते. तिच्या जोरावर एका संग्रहातलं झाड दुसऱ्या संग्रहातल्या लाकडाच्या घनतेशी, तिसऱ्यातल्या बियांच्या वजनाशी जोडलं जातं, आणि त्यातून जंगलात कार्बन किती साठला इथपर्यंत हिशेब जातो. एकाच पद्धतीनं झालेली चूक सगळ्या हिशेबांत एकाच बाजूला ओढते. माझ्या पाडळीनं तर साधं गणित उलटं केलं होतं. राईत नवी जात ‘आली’, म्हणजे विविधता वाढली, म्हणजे राई सुधारते आहे. प्रत्यक्षात राईच्या वरच्या अंगाची पाडळीची दोन झाडं मधल्या काळात वाळून गेलीत. त्यांच्या मुळांची साल दशमुळांसाठी काढून नेल्याच्या खुणा मी पाहिल्या होत्या. औषधी ग्रंथांत पाटला म्हणून किरमिजी पाडळ, तर दक्षिणेत तिच्याऐवजी पिवळट पाडळही वापरतात. कोणती संपते आहे हे माहीत नसेल तर कोणती वाचवायची?

त्या वैशाखात मी पुन्हा राईत गेले. ती विद्यार्थिनी बरोबर होती. वही हातात, आणि नजर झाडांकडे नाही, जमिनीकडे. कारण पाडळीचा पुरावा सकाळी खाली पडलेला असतो. ओढ्याच्या कडेला पिवळट फुलं मिळाली, गुरवाच्या घराच्या वरच्या उतारावर किरमिजी. वहीतल्या खुणांवरून बरीचशी झाडं जागेवर लागली. आणि मला वाचवलं ते शास्त्रीय नावांनी नाही. केलोनॉइडिसपुढे मी त्या काळी बॉलपेननं बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं, “फुलं पिवळट, आत तांबड्या रेघा, झोडग्या पोराच्या कानात बसतील एवढी.” हा शेरा २०११ साली मी फाइलमध्ये घेतला नव्हता. अशास्त्रीय वाटला म्हणून. झाडाचा वाळवलेला नमुना मात्र एकाही पाडळीचा ठेवलेला नव्हता. तो असता तर वाद एका दुपारी मिटला असता.

नवी फाइल आता अशी आहे. पहिल्या रकान्यात वहीत जे होतं ते, स्पेलिंगच्या चुकीसकट. दुसऱ्यात ‘कुकच्या मते’. तिसऱ्यात आजचं नाव आणि ते कुठल्या यादीतून, कुठल्या तारखेला घेतलं. चौथ्यात ठरवणाऱ्याचं नाव आणि पुरावा: फूल पाहिलं, फोटो, वहीतला शेरा. डेटाबेस सांभाळणाऱ्यांनी ती दुरुस्ती स्वीकारली, आणि जुनी फाइलही काढून न टाकता ‘बदललेली’ अशी खूण करून ठेवली, हे मला आवडलं. विद्यार्थिनीच्या प्रबंधातून नव्या जातीचं आगमन गेलं, आणि तिचा एक तक्ता पुन्हा करावा लागला.

वाळून गेलेल्या दोन झाडांपैकी एकापुढे वहीत शेरा आहे. दुसऱ्यापुढे नुसतं ‘पाडळ, मोठी, पोकळ बुंधा’. तिथे आता बुंधाही नाही. त्या ओळीत तिसऱ्या रकान्यात मी ‘स्टिरिओस्पर्मम, दोन्हींपैकी एक’ एवढंच लिहिलं आहे.